मॅगी स्मिथ यांची रंगभूमी आणि आपली झाडीपट्टी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ब्रिटिश अभिनेत्री मॅगी स्मिथ यांच्यावरील आपल्या पुरवणीतील लेख मनापासून आवडला. मात्र ‘हॅरी पॉटर’मधील शिक्षिका आणि ‘डाउनटन ॲबी’मधील आजी या दोन भूमिकांनीच बहुतेक जागा व्यापल्यामुळे ज्या रंगभूमीवर ही अभिनेत्री घडली, तिच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या, याची खंत वाटली.

१९३४ साली जन्मलेल्या मॅगीबाईंनी १९५२ मध्ये ऑक्सफर्डला शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ नाटकातील नायिका व्हायोला साकारली. पुढे थोर नट-दिग्दर्शक लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी त्यांना लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये बोलावून घेतले आणि १९६४ च्या ‘ऑथेल्लो’त त्या डेस्डिमोना म्हणून ऑथेल्लो साकारणाऱ्या ऑलिव्हिए यांच्यासमोर उभ्या राहिल्या. त्या प्रयोगावरून पुढच्याच वर्षी चित्रपट झाला, म्हणून ते काम आज पाहता तरी येते. पुढे दोन ऑस्कर मिळाले, तरी नाटक सुटले नाही. ‘लेटिस अँड लव्हेज’ हे नाटक तर नाटककार पीटर शॅफर यांनी त्यांच्यासाठीच लिहिले होते. एका जुन्या, नीरस वाड्याची माहिती सांगता सांगता पर्यटक कंटाळतात हे पाहून इतिहासात स्वतःच्या पदरचे रंग भरणारी वाटाडी त्यांनी त्यात उभी केली आणि १९९० मध्ये त्या भूमिकेसाठी टोनी पुरस्कार मिळवला. २०१९ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, लंडनच्या ब्रिज थिएटरमध्ये हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या कचेरीतील एका सचिव महिलेचे आत्मकथन त्यांनी खुर्चीत बसून एकटीने सादर केले. एवढे पाठांतर आणि एवढा दमसास त्या वयात कुठून आला असेल, याचे उत्तर पडद्यावरील भूमिकांत नव्हे, रंगमंचावरील कित्येक वर्षांच्या राबण्यात आहे.

हे सारे आपल्याला कळते, कारण तेथील वृत्तपत्रांनी त्या त्या वेळी नाटकांची परीक्षणे छापली. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटके होतात. धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो, पेटी-तबला सुरू होतो आणि मार्गशीर्षाच्या थंडीत पातळ साडीवर उभी असलेली नटी पहाटेच्या अंकातही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवते. २०२३ मध्ये येथील नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची बातमी सर्वत्र झाली, याचा आम्हांला अभिमान आहे. पण येथील स्त्री-कलावंतांची नावे मात्र नाटकाच्या पोस्टरवरच राहतात आणि हंगाम सरला की पोस्टरही उरत नाही.

म्हणून विनंती अशी की, येत्या हंगामात आपला प्रतिनिधी वडशाच्या परिसरात एखाद्या प्रयोगाला उजाडेपर्यंत बसावा आणि कोणत्या अभिनेत्रीने कोणती भूमिका कशी केली, याचे नावानिशी परीक्षण आपण छापावे.

आपला नियमित वाचक,
देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली