भूलतज्ज्ञ डॉक्टरांस आभारपत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली की पेढे सर्जनच्या केबिनमध्ये जातात. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे नाव बहुतेक रुग्णांना डिस्चार्ज कार्डावरच वाचायला मिळते. म्हणून हे पत्र मुद्दाम उघडपणे लिहीत आहे.

गाठींमुळे माझी संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढावी लागणार होती. सर्जनसाहेबांनी धोके स्पष्ट सांगितले. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसा या ग्रंथीला अगदी लागून असतात, त्यांना इजा झाल्यास आवाज बसतो आणि शंभरातल्या एखाद्याचा तो कायमचा बिघडतो. रक्तातले कॅल्शियम उतरू शकते. मानेत रक्तस्राव झाला तर तातडीने पुन्हा टेबलावर घ्यावे लागते. त्यांचे काही चुकले नाही. समीरा कोहली खटल्याच्या २००८ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुरेशी माहिती देऊनच संमती घ्यावी असे म्हटले आहे, तसेच निव्वळ दूरच्या शक्यता सांगून रुग्णाला घाबरवण्याची गरज नाही असेही म्हटले आहे. परंतु दूरचे कशाला म्हणायचे, हे रुग्ण पोट कशावर भरतो यावरही ठरते. पहिलीच्या वर्गाकडून दिवसभर बाराखडी म्हणवून घेणाऱ्या शिक्षिकेने ‘शंभरातला एखादा’ ऐकल्यावर उरलेल्या नव्व्याण्णव जणांकडे तिचे लक्ष कसे जाणार? घरचे सगळे ‘काही होत नाही, टेन्शन घेऊ नकोस’ असे म्हणत राहिले आणि त्यानंतर भीतीचा विषय काढण्याची सोयच उरली नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी आपण तपासणीसाठी आलात. तोंड उघडायला लावून घसा पाहिलात, मान मागे वाकवून घेतलीत, एखादा दात हलतो का, कवळी आहे का, हे विचारलेत, रक्तदाबाची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला आणि नखांचे पॉलिश काढायला सांगितलेत. मनगट धरल्यावर नाडी फारच जलद लागली, तेव्हा फाइल मिटून खुर्ची जवळ ओढलीत आणि विचारलेत, ‘यातल्या नेमक्या कशाची भीती वाटते?’

मी आवाजाची म्हटले. त्यावरही आपण ‘काही होणार नाही’ असे म्हणाला नाहीत, याचे मला आजही अप्रूप वाटते. शुद्धीवर आल्यावर आवाज घोगरा असण्याची बरीच शक्यता आहे, कारण श्वासासाठी घातलेली नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, तेव्हा तेवढ्यावरून नस गेली असे ठरवून मोकळे व्हायचे नाही, हे आपण आधीच बजावलेत. ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, सिस्टरला हाक मारायची. ग्रंथीच्या मागे मसुराच्या दाण्याएवढ्या साधारण चार उपग्रंथी असतात, त्या शस्त्रक्रियेनंतर काही काळ मंदावल्या की असे होते आणि कॅल्शियम दिल्यावर ते आटोक्यात येते. मान ताठरून सुजू लागली किंवा श्वास कोंडला, तर मात्र कोणाला त्रास होईल असा विचारही करायचा नाही, असे आपण दोनदा सांगितलेत. धोके तेच होते, सकाळी ऐकलेलेच. पण कोणता केव्हा दिसेल, त्याची खूण काय आणि तेव्हा मी काय करायचे, हे आता मला ठाऊक होते. त्या रात्री झोप फारशी लागली नाही, तरी संमतीपत्रावर सही करताना हात थरथरला नाही.

पुढे घडलेही बरेचसे तसेच. जाग आली तेव्हा आवाज घोगरा होता आणि मला रडू आले नाही. रात्री बोटांना मुंग्या आल्या तेव्हा मी भ्यायले खरी, परंतु लगेच घंटा दाबली. रक्त तपासले गेले, शिरेतून कॅल्शियम दिले गेले आणि हळूहळू बोटे पूर्ववत झाली. आज वर्गात वरच्या पट्टीतली कविता म्हणताना थोडा दम लागतो, परंतु शेवटच्या रांगेतली मुले ‘बाई, ऐकू येत नाही’ अशी तक्रार करीत नाहीत.

त्या संध्याकाळी आपल्याबरोबर एक शिकाऊ डॉक्टर होत्या आणि त्या सगळे वहीत टिपून घेत होत्या. दात, कवळी आणि रक्तदाब यांच्याबरोबर आपला तो प्रश्नही त्यांनी टिपला असेल अशी आशा आहे. नसल्यास हे पत्र त्यांना अवश्य दाखवावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
एक प्राथमिक शिक्षिका