बंदुका जमा, डुकरे मोकाट

संपादक महोदय,

निवडणुकीची घोषणा झाली की दोन-चार दिवसांत पोलीसपाटलांचा निरोप येतो : 'बंदूक ठाण्यात जमा करा.' कोणाची, का, असे विचारायची सोय नसते. गावात जेवढे शेतीसंरक्षणाचे परवाने, तेवढ्या बंदुका सरसकट ठाण्यात पोचतात. २०२४ साली लोकसभेची घोषणा १६ मार्चला झाली आणि निकाल ४ जूनला लागला, म्हणजे ८० दिवस. विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला, निकाल २३ नोव्हेंबरला, आणखी ३९. पहिल्या ८० दिवसांत काजू झाडाखाली पडत होता आणि आंबा तयार होत होता, दुसऱ्या ३९ दिवसांत भात कापणीला आले होते. ज्या कामासाठी कोकणातल्या शेतकऱ्याला बंदूक दिली, ते काम वर्षातून दोनदाच खरे निकडीचे असते, आणि दोन्ही वेळा ती ठाण्यात होती.

सरसकट जमा करून घ्या, असे कोणी सांगितलेले नाही. निवडणूक आयोगाच्या सूचना आणि मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली पद्धत वेगळी आहे. प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती बसवायची. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत आणि विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत सापडलेले परवानाधारक तिने पाहायचे. ज्यांची हत्यारे जमा करून घेणे गरजेचे वाटते त्यांना नावानिशी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर सात दिवसांत हत्यार जमा करायचे, त्याची रीतसर पावती मिळायची, आणि निकालानंतर आठवडाभराने ते परत. एवढा साधा क्रम. पण समितीला नावे चाळण्यापेक्षा पोलीसपाटलाला निरोप देणे सोपे पडते.

तोंडी निरोपावर हुज्जत घालून उपयोग नाही, त्यातून नवाच गुन्हा अंगावर यायचा. घोषणेच्या आधीच, सप्टेंबर किंवा फेब्रुवारीत, जिल्हाधिकारी कार्यालयात एक पानी अर्ज द्यावा : परवान्याचा क्रमांक आणि यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक), बंदुकीचा क्रमांक, गट क्रमांक आणि क्षेत्र, पीक कोणते, कापणी कधी, आपल्यावर गुन्हा दाखल नाही, सबब समितीने वेगळा विचार करावा. सातबारा आणि मागच्या नुकसानीचे पंचनामे जोडावेत. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. असे पन्नास अर्ज आधीच फायलीला लागलेले असले की समितीला 'सर्व' हा शब्द लिहिणे जड जाते.

इथे कोणी म्हणेल, बंदूक बाळगणे हा हक्कच असायला हवा, अमेरिकेत आहे तसा. आपल्याकडे तो प्रश्न विचारून झालेला आहे. व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाचे हत्यार काढून घेतले, म्हणून काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा असे कलम होते. १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. शेजारी कर्नाटकातल्या कोडगूत कोडवांना आणि जम्मा (जुन्या वंशपरंपरागत हक्काच्या) जमीनधारकांना परवान्यातूनच सूट आहे. केंद्राने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती उचलून धरली. कोकणातला शेतकरी तेवढे मागत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात त्याच्यासाठी जे लिहिले आहे, तेवढे अंमलात आले तरी त्याचे भागते.

आणि लिहिले आहे ते कमी नाही. कलम १३(३) म्हणते की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना अधिकाऱ्याने द्यायचा आहे. 'देता येईल' अशी भाषा तिथे नाही. त्याच कलमाच्या परंतुकात आहे की ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बारा बोअरची काडतुसाची एकनळी वा दुनळी, मंजूर करता येते. कलम १४ प्रमाणे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, आणि नाकारला तर कारणे लिहून ठेवावी लागतात. हे परंतुक फार थोड्या अर्जांत दिसते. 'डुकरांचा त्रास आहे, बंदूक मिळावी' एवढ्यावर ठासणीचीच मिळते. रान किती अंतरावर, कोणते प्राणी, कोणत्या महिन्यांत, गेल्या तीन वर्षांत नुकसानभरपाईचे किती पंचनामे, हे लिहिले तर खात्री पटायला काहीतरी आधार राहतो. भरपाईची रक्कम किरकोळ म्हणून पंचनामा टाळणारे इथे फसतात. त्या कागदाची खरी किंमत रकमेत नसतेच.

ठासणी का पुरत नाही, हे शहरातल्या वाचकाला कळावे म्हणून थोडे सविस्तर. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, त्यावर बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या निपलवर केप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी टोपी. एक बार, मग पुन्हा सगळे पहिल्यापासून, तेही अंधारात, माळ्यावर बसून. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात दारू ओलावते, निपलच्या बारीक भोकात गंज आणि जुनी राख बसते. केप फुटते, बार निघत नाही. अशा वेळी बंदूक तशीच, तोंड मोकळ्या दिशेला धरून, निदान मिनिटभर थांबायचे असते, कारण बार उशिरा निघू शकतो. लोक लगेच नळीत डोकावतात.

दुसरी चूक याहून वाईट. बार निघाला नाही, बंदूक मांगरात (शेतावरच्या खोपीत) टेकवून ठेवली, दुसऱ्या रात्री भरलेली आहे हे विसरून वरून पुन्हा दारू ठासली. दुप्पट भरलेली नळी फुटते, आणि फुटते ती डाव्या हाताच्या पंजापाशी. यावर उपाय जुनाच आहे : गजावर दोन खुणा करायच्या, रिकाम्या नळीत गज कुठवर जातो ती एक आणि नेहमीचा भरणा असताना कुठवर जातो ती दुसरी. भरण्याआधी गज आत सोडून पाहायचा. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत घालणारेही आहेत; ती दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस असते आणि जुनी नळी तिच्यासाठी घडवलेलीच नाही.

काळ्या दारूची राख क्षारयुक्त असते, हवेतले पाणी ओढते. समुद्राकडच्या हवेत एक रात्र न पुसलेली नळी सकाळी लाल दिसते. नुसते तेल फिरवून ती राख निघत नाही. कडकडीत गरम साबणाच्या पाण्याने नळी धुवायची, ती गरम असतानाच कोरडी करायची, मग तेलाचा पातळ हात. बंदूक चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नये. चामडे ओल धरते आणि गंज आतल्या आत चढतो.

आता विचार करा, अशी बंदूक ८० दिवस ठाण्यातल्या चिऱ्याच्या खोलीत, एकावर एक रचून, दोरीने बांधलेल्या कागदी चिठ्ठीसह उभी असते. चिठ्ठी गळून पडते. दस्ता नेमका मनगटाशी, जिथे तो सर्वात बारीक असतो, तिथे तडकतो. दोष कोणा हवालदाराचा नाही, ठाणे हे काही शस्त्रागार नव्हे. म्हणूनच कमी बंदुका आणाव्यात, हे ठाण्याच्याही सोयीचे आहे.

जमा करावीच लागली तर आधी ती खरोखर रिकामी असल्याची खात्री करावी. ठासणीची भरलेली असेल तर बार सुरक्षित जागी काढून टाकावा. भरलेली बंदूक रिक्षातून नेणाऱ्याला कोणता नियम वाचवणार? नळीला आतून-बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेल लावावे. तोंडात चिंधीचा बोळा मात्र कोंबू नये, तो ओल धरतो आणि पुढे काढायचा राहून जातो. घोडा उतरवलेला असावा. पावतीवर 'एक बंदूक मिळाली' एवढेच लिहिलेले चालवून घेऊ नये : प्रकार, बोअर, क्रमांक, बनावट, दस्त्याची आणि घोड्याची अवस्था, काडतुसांची वेगळी संख्या, तारीख, शिक्का. मोबाइलवर क्रमांकासह चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेही हत्यार जमा ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण असा विक्रेता तालुक्याच्या ठिकाणीही क्वचितच असतो आणि तो भाडे घेतो.

परत आणल्यावर पहिला बार काढण्याआधी नळीतून उजेड पाहावा; ठासणीत तो दिसत नाही, म्हणून गज खालपर्यंत सोडून खुणेशी ताडावा. एप्रिल-मेमध्ये कुंभारमाशी कुठलेही पोकळ नळकांडे सोडत नाही. मातीचे बोटभर घरटे नळीत आत लिंपून ठेवते. बाहेरून काही दिसत नाही. त्यावर बार काढला तर नळी तिथेच फुगते किंवा चिरते.

एवढी तक्रार केल्यावर आपल्या लोकांनाही चार शब्द सांगायला हवेत. परवाना माणसाला असतो, बंदुकीला नाही. वडिलांच्या नावची बंदूक घेऊन मुलगा रात्री राखणीला गेला, तर कायद्याच्या लेखी ती विनापरवाना बंदूक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन ते पाच वर्षांची कैद आहे. दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी बंदूक दुसऱ्याने न्यायची तर परवानाधारकाचे लेखी अधिकारपत्र खिशात हवे. लग्नात, मिरवणुकीत हौसेने बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हेही ऐकायला कोणाला आवडत नाही. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचे नुकसान करणारे डुक्कर मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने आपल्याकडचे लाल तोंडाचे माकडही (बॉनेट मकाक) तिथेच गेले. शेतात शिरला म्हणून गवा मारला तर तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. तेव्हा बंदुकीचा नित्याचा उपयोग आवाजापुरता, आणि त्याला छर्रा लागतच नाही. हवेत उडवलेली गोळी खाली येते हे सांगायला नको, पण दरवर्षी सांगावे लागते.

घरात दोनच म्हातारी माणसे, मुले मुंबई-पुण्याला, अशा घरी बंदुकीने धीर येतो हे खरे. पण अंधारात खडखडाट ऐकून चापावर गेलेले बोट चोर आणि शेजारी यांत फरक करत नाही. न्याय संहितेतला स्वसंरक्षणाचा हक्कही गरजेपेक्षा जास्त इजा करू देत नाही. अंगणातला दिवा, कुत्रा आणि शेजाऱ्याचा फोन आधी. बंदूक कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात.

शेवटी वारसाचे. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तो हयातीतच एका वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करवू शकतो. बहुतेक घरांत वडील गेल्यावर सगळे जागे होतात. मग बंदूक लगेच ठाण्यात, इतर वारसांची नाहरकत गोळा करायला एक भाऊ वसईला, दुसरा मस्कतला, आणि सातबारावर अजून आजोबांचे नाव. दोन पावसाळे असेच जातात. ज्यांच्या घरी वडील सत्तरीच्या पुढचे आहेत आणि बंदूक अजून खुंटीला आहे, त्यांनी या महिन्यात वारसाची नोंद आणि परवान्याचा अर्ज ही दोन्ही कामे एकत्रच काढावीत. परवान्याची मुदत आता तीनऐवजी पाच वर्षांची आहे, त्यामुळे ती कधी संपते हेही पुष्कळांच्या लक्षात राहिलेले नाही. तेही पुस्तिका उघडून पाहावे.

आपला,
एक शेतकरी वाचक, सावंतवाडी (सिंधुदुर्ग)