शाळेची सुट्टी आणि सभेला न आलेले पालक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या मुलांच्या शाळेत पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकावर पालकसभा झाली. माझी मुलगी तिसरीत आहे, मुलगा आठवीत. मुख्याध्यापिकांनी फळ्यावर दोन पर्याय लिहिले. वर्ष संपल्यावरची मोठी सुट्टी आहे तशीच ठेवायची, की तिच्यातले दहा दिवस काढून वर्षभरात छोट्या सुट्ट्या म्हणून वाटून टाकायचे? "ज्यांना जे हवं त्यांनी हात वर करा," असं त्या म्हणाल्या. काम पाच मिनिटांचं होतं, पण सभा पावणेदोन तास चालली. शेवटी आवाज इतके चढले की शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन उभे राहिले. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हे पत्र.

पहिल्या बाकावरच्या एका बाबांना मोठी सुट्टी हवी होती. त्यांचे आईवडील लांब राहतात. जायला एक दिवस, यायला एक दिवस. चार दिवसांच्या सुट्टीत नातवंडं आजीच्या घरी पोचतात न पोचतात तोच परतीची बांधाबांध सुरू होते. "माझ्या मुलाला आजीची भाषा येते, ती त्या मोठ्या सुट्टीमुळेच," असं ते म्हणाले. त्यांच्या मागे बसलेल्या आईंचं म्हणणं उलट. इतक्या दिवसांनी मुलगी परत शाळेत जाते तेव्हा पाढे, भागाकार सगळं विसरलेली असते आणि पहिला महिना उजळणीतच जातो. तिसऱ्या एका ताईंना छोट्या सुट्ट्याच नको होत्या, कारण मधूनमधून दोन-दोन दिवस मुलांना कोणाकडे ठेवायचं हा त्यांच्यापुढचा प्रश्न. एकाच वर्गातल्या मुलांचे पालक आणि तिघांची तीन टोकं. मला तिघांचंही पटत होतं.

विसरण्याच्या मुद्द्यावर बरंच संशोधन झालेलं आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांचा निष्कर्ष असा की उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत मुलं सरासरी महिन्याभराच्या शिकण्याइतकी मागे पडतात, आणि वाचनापेक्षा गणितात जास्त. वाचनाच्या बाबतीत तर घरच्या परिस्थितीप्रमाणे फरक दिसला. बऱ्या परिस्थितीतल्या घरांतली मुलं टिकून राहिली, हातावर पोट असलेल्या घरांतली घसरली. पुढच्या काळात काही अभ्यासकांनी या मोजमापाच्या पद्धतीवर शंका घेतली, ही घसरण वाटते तेवढी नसावी असंही म्हटलं. त्यामुळे त्या आईंची काळजी खोटी नाही, पण तेवढ्यावर मोठी सुट्टीच कापावी असंही मला वाटत नाही. सभेत कोणी तरी असंही म्हणालं की, लांब सुट्टी ही शेतीच्या कामांसाठी सुरू झालेली जुनी पद्धत, आता तिची गरज काय? अमेरिकेचा दाखला देऊन हे नेहमी सांगितलं जातं, पण तिथला इतिहास वेगळा आहे. शेतीवरच्या मुलांना सुट्टी हवी असे पेरणीला आणि कापणीला, म्हणजे वसंतात आणि शरदात. भर उन्हाळ्यात गावाकडच्या शाळा चालू असत.

दिवसांच्या आकड्यावरून जो वाद होतो, त्यात तर फारशी जागाच उरलेली नाही. आपल्या शिक्षणहक्क कायद्यात, २००९ सालीच, पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास घालून दिलेले आहेत. माझ्या एकाच घरात हे दोन्ही नियम नांदतात. इंग्लंडमधल्या सरकारी शाळा १९० दिवस चालतात, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत १८० च्या आसपास. कुठेही जा, वर्षातला जवळपास निम्मा काळ शाळेविनाच असतो. दहा दिवस इकडचे तिकडे केल्याने तो निम्मा काळ कुठे जाणार? त्या काळात मूल कुठे असतं, कोणाजवळ असतं आणि घरच्यांना ते किती आधी ठाऊक असतं, यावर आम्ही पावणेदोन तासांत पाच मिनिटंही बोललो नाही.

या वर्षातलाच एक अनुभव सांगते. रात्री पावणेदहाला फोन वाजला. वर्गाच्या ग्रुपवर मेसेज होता, "उद्या शाळेला सुट्टी राहील. पालकांनी नोंद घ्यावी." कारण दिलेलं नव्हतं. नंतर कळलं की कसल्याशा प्रशिक्षणासाठी शिक्षकांना बोलावलं होतं आणि ती तारीख शाळेला बऱ्याच आधीपासून माहीत होती. दुसऱ्या दिवशी मला कार्यालयात रजा मिळणं शक्य नव्हतं. मुलीला बरोबर घेऊन गेले. सकाळी साडेदहापासून संध्याकाळी सहापर्यंत ती माझ्या टेबलाच्या बाजूला जमिनीवर बसून होती. छापून वाया गेलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर तिने आधी घरं काढली, मग झाडं, मग नुसत्या आडव्या रेघा. दुपारी चारच्या सुमारास तिने हळूच विचारलं, "आई, मी इथे असलेली तुझ्या साहेबांना आवडत नाही का?" मला उत्तर सुचलं नाही.

माझ्याजवळ निदान टेबल तरी होतं. आमच्याच शाळेतल्या दोन मुलांची आई रुग्णालयात परिचारिका आहे. तिची ड्यूटी आठवड्याआधी लागते आणि एकदा लागली की बदलत नाही. मुलांचे वडील कामानिमित्त बाहेरगावी असतात. तो मेसेज आला तेव्हा ती रात्रपाळीवर होती, तिने तो पहाटे पाहिला. सकाळी तिला आणखी एक पाळी करावी लागली. तिची अकरा वर्षांची मुलगी पाच वर्षांच्या भावाला सांभाळत दिवसभर घरात होती. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली शेजारच्या आजींकडे. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती कुणाला दोष देत नव्हती. "काही झालं नाही ना, एवढं बघायचं," एवढंच म्हणाली. मला मात्र ते अजून सहन होत नाही. त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या वेळापत्रकात त्या दिवसाची नोंद 'सुट्टी' अशीच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की सुट्ट्या दहा कमी की दहा जास्त यावर पालकांनी एकमेकांशी भांडू नये. भांडायचंच असेल तर तारखा वेळेवर मिळाव्यात यासाठी सगळ्यांनी मिळून भांडावं. हे अशक्य आहे असं कोणी सांगितलं तर मी जर्मनीकडे बोट दाखवेन. तिथे १६ राज्यं आहेत, सगळ्यांच्या शाळा एकाच तारखेला सुटत नाहीत, आणि तरीही २०३० पर्यंतच्या उन्हाळी सुट्ट्यांच्या तारखा आधीच ठरवून जाहीर केलेल्या आहेत. फ्रान्सने देशाचे तीन विभाग पाडले. हिवाळ्याची आणि वसंताची सुट्टी प्रत्येक विभागाला वेगळ्या आठवड्यांत मिळते, म्हणजे रस्ते आणि रेल्वे एकाच दिवशी तुंबत नाहीत. यातही कुणाची तरी गैरसोय होतेच, बहीण एका विभागात आणि भाऊ दुसऱ्या विभागात राहत असले तर त्यांच्या मुलांची सुट्टी जुळत नाही. पण ती गैरसोय आधी कळते. आधी कळलेल्या गैरसोयीवर माणूस उपाय शोधतो. रात्री पावणेदहाला कळली तर दाराला कुलूप लावण्यापलीकडे काय करणार?

शिक्षकांच्या बाजूने दोन शब्द लिहायलाच हवेत. सभेत एक गृहस्थ म्हणाले, "शिक्षकांना काय, सुट्ट्याच सुट्ट्या." मागे बसलेल्या वर्गशिक्षिका मान खाली घालून वहीत काही तरी लिहीत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. प्रशिक्षणाचे दिवस हवेतच, शिकवणाऱ्याने शिकत राहायला हवं. इंग्लंडमध्ये असे पाच दिवस वर्षाच्या हिशेबात वेगळे धरलेले असतात. मुलांचे १९० दिवस आणि शिक्षकांचे १९५, एवढं साधं गणित. आमच्याकडेही हे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच वेळापत्रकात लिहिले तर कोणत्या पालकाची तक्रार राहील? अतिवृष्टी, आजाराची साथ अशी खरीखुरी आणीबाणी सोडून द्या, ती कुणाच्या हातात नसते.

सणावारांच्या सुट्ट्यांवर थोडंच लिहिते. एका बाजूला "आमच्या सणाला शाळा चालू का?" आणि दुसऱ्या बाजूला "प्रत्येकाच्या सणाला शाळा बंद कशाला?" हा वाद जगभर आहे. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांनी २०१५-१६ च्या वर्षापासून दोन्ही ईद आणि चांद्र नववर्ष वेळापत्रकात घेतलं. मात्र प्रत्येक समाजाचा प्रत्येक सण कोणत्याच वेळापत्रकात मावणार नाही. माझ्या मते प्रत्येक मुलाला वर्षातले दोन-तीन दिवस स्वतःच्या घरच्या कारणासाठी मोकळे असावेत, आणि त्या दिवशी चाचणी बुडाली तर ती पुन्हा देता यावी. इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय शाळा बुडवून मुलांना सहलीला नेलं तर दर मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंडांचा दंड आहे, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शाळेचा हजेरीचा नियम पालकांच्या सोयीपेक्षा वरचा मानला. नियम हवा हे मला मान्य आहे. पण दंडाच्या वाटेने आपण जाऊ नये असं मनापासून वाटतं. वेळापत्रक मोडलं म्हणून पालकाला दंड करायचा, तर ते आधी शाळेनेही पाळायला हवं.

आणि मोठी सुट्टी? ती राहावी, या मताची मी आहे. माझ्या मुलाने गेल्या सुट्टीत पहिले दोन आठवडे "काय करू" म्हणत घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या आठवड्यात त्याने स्वतःची सायकल खोलली. साखळी, ब्रेक, बॉल-बेअरिंग, सगळं वर्तमानपत्रावर क्रमाने मांडलं आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा लिहिला. जोडायला आठ दिवस लागले, त्यातही दोनदा चुकलं. चार दिवसांच्या सुट्टीत हे झालं नसतं, कारण कंटाळ्याच्या त्या दोन आठवड्यांनाच तिथे जागा नसते. पण हे लिहिताना परिचारिकेची मुलगी डोळ्यांसमोर येते. माझ्या मुलाला कंटाळा परवडला, कारण तेव्हा घरात त्याचे आजोबा होते. म्हणून मोठ्या सुट्टीत शाळेचं वाचनालय आणि मैदान काही तास तरी उघडं असावं, पालकांनी आळीपाळीने तिथे थांबावं. मी माझे चार दिवस आत्ताच शाळेला लिहून दिले आहेत.

राहता राहिली हात वर करण्याची गोष्ट. वर्गाचा पट ४२ चा आणि सभेला पालक आले होते २१. जे आले त्यांच्यातल्या बहुतेकांना दुपारी तीन वाजता मोकळं होता येतं. ज्यांची सुट्टीच्या दिवशी खरी ओढाताण होते ते त्या वेळी कामावर होते. त्यांच्यावाचून झालेल्या मतदानाला पालकांचं मत म्हणता येणार नाही. शाळांनी प्रत्येक घरी एक कागद पाठवावा. त्यावर किती सुट्ट्या हव्यात हे विचारू नये. सुट्टीच्या दिवशी तुमचं मूल कोणाजवळ असतं आणि तारीख किती आधी कळली तर तुम्हाला सोय करता येईल, एवढंच विचारावं. आणि ते कागद वाचल्यावरच फळ्यावर पर्याय लिहावेत.

पुढची सभा येत्या शनिवारी सकाळी अकराला आहे. परिचारिका आईंची त्या दिवशी सकाळपाळी आहे, त्यांना येता येणार नाही. काल त्यांनी माझ्याकडे वहीतलं एक पान दिलं, दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेलं. सभेत माझी पाळी येईल तेव्हा मी आधी ते वाचणार आहे.

आपली,
दोन मुलांची आई व आपली नियमित वाचक