गालातली गाठ

निपाणी
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल वहिनींचा फोन आला. चार महिने तुझ्या गालात आतून गाठ आहे आणि तू दवाखान्याचं नाव काढू देत नाहीस. फोनवर विषय बदलतोस, म्हणून पत्र.

का जात नाहीस ते मला ठाऊक आहे. आपण दोघं तंबाखूच्या वखारींच्या वासात वाढलो. तोंडात गाठ म्हटलं की एकच शब्द आठवतो. मलाही तोच आठवला होता. माझ्याही गालात गाठ होती; हरभऱ्याएवढी होती ती वर्षभरात सुपारीएवढी झाली. दुखत नव्हती. आरशापुढे गाल ओढून रोज बघायचो, घरात अवाक्षर काढलं नाही. भाकरी चावताना दाताखाली यायला लागली, तेव्हा बेळगाव गाठलं. त्याआधी गावात महिनाभर गोळ्या खाल्ल्या, त्या वाया गेल्या. ही गाठ गोळ्यांनी विरघळत नाही.

डॉक्टरांनी बोटांनी चाचपली. मऊ, सरकणारी, वरच्या पातळ अस्तरातून पिवळसर झाक. "चरबीची वाटते, लायपोमा," म्हणाले. पण लाळ साचून झालेला फुगा किंवा लाळग्रंथीची गाठही अशी दिसू शकते, म्हणून सोनोग्राफी केली. खोलवर असती तर एमआरआय सांगितला असता. मग गालाला भूल देऊन काढली. लोण्याच्या गोळ्यासारखी! तपासणीपर्यंत गाठ टिकवायच्या द्रावणाच्या, फॉर्मलिनच्या बाटलीत टाकली तर वर तरंगली. चरबीच ती, बुडेल कशी? तरीही तपासणीला पाठवली, कारण पक्कं ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. रिपोर्ट येईपर्यंत माझा डोळ्याला डोळा लागला नाही. साधी चरबीची गाठ निघाली. पूर्ण काढली की सहसा परत येत नाही. स्नायूत शिरलेली असली तर येऊ शकते.

पण तुझीही तशीच असेल असं मी म्हणणार नाही. तोंडातल्या साध्या गाठींतही लायपोमा थोड्याच असतात, आणि तू इतकी वर्षं तंबाखू खाल्लीस. माझं पत्र वाचून निर्धास्त होऊन घरी बसलास तर मी स्वतःला माफ करणार नाही. गाठ कडक लागते का, न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा आहे का, तोंड कमी उघडतं का, हे डॉक्टरांना न लपवता सांग.

बुधवारी खानापूरहून पहिली गाडी धर. मी नऊपर्यंत बेळगाव स्टँडवर पोचतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी बरोबर घे. वहिनींनाही आण.

तुझाच,
निपाणीचा मित्र