दारातल्या कुंड्या

लीड्स, इंग्लंड,
नोव्हेंबरअखेर, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस व आजीस,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं बाबा म्हणणारच. पण आजीला फोनवर माझं निम्मं ऐकू येत नाही, ‘जेवलीस का’ एवढं विचारून ती फोन आईकडे देते. म्हणून हे तिच्यासाठी, मुद्दाम मोठ्या अक्षरात. तब्येत छान आहे, खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. ऑफिसचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे, ते परत लिहीत नाही.

कुंड्यांचं मात्र लिहिते, कारण व्हिडिओवर दिसल्यापासून घरात त्यांचाच विषय चाललेला दिसतोय. बाबा, भाड्याच्या घरावर मी पैसे उडवत नाहीये. दोन मोठ्या कुंड्या घराबरोबरच आल्या. आधीच्या भाडेकरूंनी तशाच सोडलेल्या, आत लॅव्हेंडरच्या वाळक्या काटक्या, वर हिरवं शेवाळ. बाकीच्या लहान मला गल्लीत मिळाल्या. ‘लोकांच्या दारातलं उचलतेस, पगार पुरत नाही का’ असं तुम्ही म्हणालात ते मला लागलं, म्हणून नीट समजावून सांगते.

इथे घरांपुढे गुडघाभर उंचीची भिंत असते. ज्याला जे नको असेल ते तो या भिंतीवर नाहीतर भिंतीच्या कडेला ठेवतो आणि ‘हवं तर घ्या’ असा कागद लावतो. पुस्तकं, कपबश्या, लहान मुलाची खुर्ची, कुंड्या, काहीही. पावसाचा रंग दिसला तर कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालतात. न्यायचं असेल त्याने बेल वाजवायची नाही, आभार मानायचे नाहीत, पैसे तर नाहीच नाही. मी आधी दोनदा कुंड्या ठेवलेल्या घरावरून नुसतीच पुढे गेले. मग शेजारच्या आजींनीच हटकलं, अगं ने ना, नाहीतर मला ते कचऱ्याच्या केंद्रावर घेऊन जावं लागेल. म्हणजे नेणारा उपकार करतो, घेत नाही! मोठमोठ्या गाड्या असलेली माणसंही थांबून नेतात. कोणी बघत नाही, कोणी नाव ठेवत नाही. आजी, तुला हे पटणार नाही, ‘कोणाच्या घरची पीडा असेल’ म्हणशील. मी त्या कुंड्या गरम पाण्याने घासून धुतल्यात.

पैसे गेले ते फक्त एका कंपोस्टच्या पोत्याचे, रोपांचे आणि फुलांच्या कंदांचे. जुनी माती सगळी फेकली नाही. मुळांचं जाळं काढून टाकलं, माती हाताने मोकळी केली आणि निम्मी नवी मिसळली. एका कुंडीत मात्र पांढऱ्या, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या निघाल्या. या मुळंच खातात, वर झाड हिरवं दिसत असतं आणि एक दिवस हात लावला की उपटून हातात येतं. ती माती बागेच्या कडेला पसरली. तिथे रॉबिन आला, नारिंगी छातीचा, चिमणीपेक्षा थोडा लहान. मी माती उकरायला लागले की हा हातभर अंतरावर येऊन उभा राहतो आणि अळी दिसली रे दिसली की उचलतो. त्या दिवशी त्याची चंगळ झाली.

कंद स्वस्तात मिळाले कारण दुकानदारांना आता नाताळचा माल मांडायला जागा हवी असते, त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटी ते निम्म्या किमतीत काढतात. डॅफोडिल, क्रोकस खरं म्हणजे आधीच लावायचे असतात, पण ट्यूलिपला हाच महिना बरा. लवकर लावले तर बुरशीचा रोग लागतो. मोठ्या कुंडीत थर केलेत: सगळ्यांत खाली ट्यूलिप, वीतभर खोल, त्यावर माती, मग डॅफोडिल, मग क्रोकसचे चिमुकले कंद आणि अगदी वर व्हायोलाची रोपं. क्रोकस आधी, मग डॅफोडिल, मग ट्यूलिप, एकामागून एक वर येतील. डॅफोडिल पुढच्या वर्षीही फुलतात, कुंडीतल्या ट्यूलिपचा मात्र दुसऱ्या वर्षी भरवसा नाही, म्हणून डॅफोडिल जास्त घेतले. आयव्हीचा वेल मागच्या भिंतीवर माजलाय, त्याचे मुळं फुटलेले तुकडे कडेने खोचले. तो फुकट.

व्हायोलाची रोपं मलूल झाली म्हणून दुकानात सवलतीत ठेवली होती. पानं पिवळी होती, पण कोंबाशी हिरवी होती, तेवढं बघून घेतली. आई, ही पॅन्झीचीच धाकटी बहीण, फुलं लहान पण थंडीला चिवट. गेल्या आठवड्यात पहिलं दव गोठलं तेव्हा सकाळी सगळी मान टाकून पडली होती. मला वाटलं संपलं. ऊन आल्यावर एकेक उठून उभी. सुकलेलं फूल देठासकट खुडत राहायचं, एवढंच काम. रंग पिवळा आणि पांढराच घेतला, कारण चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मी घरी येते तेव्हा जांभळं फूल अंधारात दिसतच नाही.

कुंड्यांखाली विटांचे तुकडे दिलेत. पाणी तळाशी साठलं आणि गोठलं की मातीची कुंडी तडकते. आणि हो, हातमोजे घालते. थंडीत मातीत हात घालत नाही, पुन्हा विचारू नका.

ट्यूलिपचे कंद आपल्या गच्चीत लावायला आणू का, असं आई विचारत होती. नको. त्यांना फुलायला काही आठवडे कडक थंडी लागते, आपल्याकडे नुसती पानं येतील. शिवाय रोपं-कंद विमानातून आणायचे तर परवानग्या आणि कागदपत्रं.

इथपर्यंत आजीला वाचून दाखवा. पुढचं तुमच्यासाठी.

आई, ट्यूलिप एप्रिलमध्ये फुलणार म्हटल्यावर तू गप्प झालीस. कंद लावले म्हणून मी इथेच राहणार असं ठरत नाही. घराचा करार जूनपर्यंत आहे, ते तुम्हाला आधीच सांगितलं होतं. कुंड्या काय, जाताना भिंतीवर ठेवून येईन.

मनूच्या लग्नाला मी येतेय, पण आठवडाभरच. रजा त्याहून जास्त मिळत नाही, मागून बघितली. म्हणजे हळदीच्या आदल्या दिवशी पोचेन आणि सत्यनारायणाला नसेन. मनूला मी स्वतः सांगते, तुम्ही सांगू नका, ती रडेल आणि मग मीही. कार्यालयाची उरलेली रक्कम सोमवारी पाठवते. बाबा, तुम्ही मुदत ठेव मोडणार होतात ती मोडू नका. माझ्याकडे आहेत, खरंच आहेत. कुंड्यांच्या फुलांवर गेले नाहीत!

मावशीने पाठवलेल्या स्थळाला अजून काही कळवू नका. फोटो बघितला, मुलगा चांगला दिसतो, पण तो कॅनडात आणि मी इथे, हे कसं जमायचं ते मावशीने सांगावं. आल्यावर बोलू. आजीच्या डोळ्यांचे थेंब संपत आले असतील, चिठ्ठीचा फोटो पाठवा, पैसे सोमवारच्यातच घालते.

तुमची,
सई