तीन सेकंद जातात कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावरचा पिस्तूल नेमबाजीचा लेख माझ्या बहिणीने कोल्हापुरातून फोटो काढून पाठवला. लेख आवडला, पण वेग वाढवायचा तर अचूकतेवर पाणी सोडावं लागतं, अशा अर्थाचं त्यात जे लिहिलंय ते काही घशाखाली उतरेना. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री चालवा.

मी मूळचा शिवाजी पेठेतला. गेली अकरा वर्षं टेक्सासात, डॅलसजवळ राहतो. आठवडाभर संगणक आणि रविवारी पिस्तूल. इथे ज्याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात तो खेळ सहा वर्षं खेळतोय. फार मोठा खेळाडू नाही. बी वर्गात आहे आणि आजवरची कमाई म्हणजे एक टोपी. तरी या एका मुद्द्यावर बोलण्याइतक्या गोळ्या मी वाया घालवल्या आहेत.

या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेत, मिसुरीतल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. तिच्या लॅटिन ब्रीदात अचूकता, ताकद आणि वेग हे तिन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. गुणांची रीतही तशीच. माझ्या ९ मिलिमीटर गोळीच्या गटात पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर मधोमध गोळी लागली तर ५ गुण, त्याच्या बाहेर ३, अगदी कडेला १. हुकली तर १० वजा. मग सगळ्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. ज्याचा भागाकार मोठा, तो पुढे. नुसता जलद असलेला मार खातो, नुसता अचूक असलेलाही.

‘एल प्रेसिडेन्टे’ नावाची एक जुनी कसोटी आहे. १० यार्डांवर, म्हणजे साधारण नऊ मीटरवर, तीन लक्ष्यं. आपण लक्ष्यांकडे पाठ करून, हात वर करून उभे. बझर वाजला की वळायचं, कमरेचं पिस्तूल काढायचं, प्रत्येक लक्ष्यावर दोन गोळ्या, मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) बदलायचं, पुन्हा प्रत्येकी दोन. १२ गोळ्या, ६० गुण. मला सगळे ६० मिळायचे, पण ९ सेकंद लागायचे. भागाकार ६.६७. दोन वर्षं मी तिथेच अडकलो होतो. मग ठरवलं, बोट जलद चालवायचं. एका दुपारी जीव तोडून चाप ओढला. ८.४ सेकंद झाले, एक गोळी पुठ्ठा सोडून मागच्या मातीत गेली, तीन बाहेरच्या भागात. गुण ३९, भागाकार ४.६४. घाई करून अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त वाचवलं आणि २१ गुण घालवले.

हे बघत एक म्हातारबुवा खुर्ची टाकून बसले होते. निवृत्त पोस्टमन, रेंजवर सगळे त्यांना मान देतात. त्यांनी माझ्या नेहमीच्या ९ सेकंदांच्या फेरीचा व्हिडिओ काढला आणि शेजारी बसवून, थांबवत थांबवत दाखवला. वळून पहिला बार निघेपर्यंत २.२ सेकंद. एकाच लक्ष्यावरच्या दोन बारांत ०.३. एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जायला ०.६, असं चार वेळा. मॅगझिन बदलून पुढचा बार निघायला २.६. बेरीज करून पाहा, ९ सेकंद भरतात. त्यात जोडीतल्या दुसऱ्या गोळीला लागणारा वेळ, सहा जोड्या मिळून, जेमतेम १.८ सेकंद. आणि मी नेमका तोच कापायला बसलो होतो! म्हातारबुवा एवढंच म्हणाले की, तुझा वेळ गोळ्या मारण्यात जात नाही, न मारण्यात जातो.

त्यानंतर आठ महिने मी बोटाला हात लावला नाही. रोज रात्री गॅरेजमध्ये पंधरा मिनिटं कोरा, म्हणजे गोळीविना सराव. पिस्तूल रिकामं आहे हे तीनदा बघायचं, काडतुसं त्या खोलीतसुद्धा ठेवायची नाहीत, भिंतीवर पोस्टकार्डाएवढी तीन लक्ष्यं. पिस्तूल काढताना घाई फक्त हात मुठीपर्यंत पोहोचेस्तोवर. तिथून पुढे पकड एकदाच आणि पक्की. डाव्या हाताने जास्त आवळायचं, म्हणजे उजव्या हाताचं बोट मोकळं राहतं. दुसऱ्या लक्ष्याकडे आधी डोळे जातात, पिस्तूल मागून येतं. मी उलटं करायचो, दोन्ही बरोबर ओढायचो. मग माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, पुढे निघून जायची आणि परत आणावी लागायची. मॅगझिन बदलताना पहिलं बोट मॅगझिनच्या पुढच्या कडेवर टेकवायचं आणि नजर पिस्तुलाच्या मुठीतल्या खाचेवर ठेवायची. आमच्या तालमीत वस्ताद एकेक डाव इतका सावकाश करून घ्यायचे की कंटाळा यायचा. तेव्हा शिव्या घातल्या होत्या मनात. गॅरेजमध्ये त्यांचीच आठवण यायची. कोऱ्या सरावात धक्का नसतो, त्यामुळे माणूस स्वतःवर खूश होतो. खरं काय ते रविवारी कळायचं.

आठ महिन्यांनी तीच कसोटी : पहिला बार १.७ ला, लक्ष्य बदलायला ०.४, मॅगझिन १.९. जोडीतलं अंतर तेच, ०.३. एकूण ७ सेकंद, गुण ५४, भागाकार ७.७१. बोट तसूभरही जलद झालेलं नव्हतं.

(वेगाच्या नादात एकदा शिस्त चुकली तेही सांगतो. डावीकडे धावताना मॅगझिन बदललं आणि नळी १८० अंशांची रेषा, म्हणजे आपल्या डाव्या-उजव्या बाजूची मर्यादा, ओलांडून मागे आली. पंचांनी जागेवर थांबवलं, पिस्तूल रिकामं करून दाखवायला लावलं आणि स्पर्धेतून बाद केलं. दोन तास गाडी चालवून गेलो होतो. उरलेला दिवस इतरांच्या लक्ष्यांवरच्या भोकांना कागदाची ठिगळं लावत बसलो. अमेरिकेत बंदूक खेळतोस, भीती वाटत नाही का, असं नातेवाईक विचारतात. या मैदानावर पंचांची वाटते.)

आता हे सगळं कोल्हापूरला कशासाठी सांगायचं? माझी भाची तिथे २५ मीटर पिस्तूल खेळते. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१३ साली दक्षिण कोरियातल्या चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ साली आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, तोच प्रकार. त्यात निम्म्या गोळ्या सावकाशीच्या, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. उरलेल्या निम्म्यांत लक्ष्य ३ सेकंद खुलं आणि ७ सेकंद बंद. हात ४५ अंशांत खाली धरून उभं राहायचं, लक्ष्य खुलं झालं की उचलून एकच गोळी. नियम करणाऱ्यांनीही विचार केलाय : या टप्प्यात दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं, सावकाशीच्या टप्प्यात ५०.

भाचीचा फोन आला, “मामा, तीन सेकंद पुरतच नाहीत.” तिच्या प्रशिक्षकांनी तीन वर्षं तिला फक्त ‘सावकाश’ हा एकच शब्द शिकवला आणि जिल्हा स्पर्धेआधी महिनाभर ‘जलद, जलद’ सुरू केलं. व्हिडिओ मागवला. हिरवा दिवा लागल्यावर ती आधी श्वास जुळवत होती, मग हात उचलत होती. माशी स्थिरावेपर्यंत अडीच सेकंद संपलेले, मग उरलेल्या अर्ध्यात चापाला हिसका. गोळ्या सगळ्या खाली डावीकडे. श्वास ७ सेकंदांच्या विश्रांतीत आटोपायचा, हात दिव्याबरोबर सुटला पाहिजे आणि वर येता येताच चापाचा पहिला दाब घेतलेला पाहिजे, म्हणजे शेवटचा सव्वा सेकंद नुसता माशीकडे बघायला उरतो. तिला म्हटलं, महिनाभर घरी रिकाम्या पिस्तुलाने फक्त उचल, बाकी काही नको. तिच्या आईला शंका की मामा अमेरिकेत बसून पोरीचं वाटोळं करणार.

प्रशिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनाही कुणी असंच शिकवलं असेल. पण आपल्या पानावर पदकं आणि ‘एकाग्रता’ यांच्यापलीकडे कधीतरी हे सेकंदही छापा. जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या मुली ते वाचतात. माझी भाची कात्रणं वहीत चिकटवते.

परवा तिने स्क्रीनचा फोटो पाठवला. शेवटच्या पाच गोळ्यांच्या मालिकेत ४८. खाली बहिणीचा मेसेज : “हे पन्नासपैकी का शंभरपैकी?”

आपला,
एक पेठकरी, मुक्काम डॅलस