४.९ चा मोह

प्रिय बाळ्या,

त्या दिवशी फोनवर नव्या कॉम्प्युटरबद्दल "मशीन झकास चाललंय" म्हणालो, ते अर्धंच खरं होतं. पंख्यांच्या आवाजात तुझं बोलणं ऐकू येईना, म्हणून मी खोलीबाहेर येऊन बोलत होतो. आता सगळं निस्तरलंय, तेव्हा कबुली देतो.

पहिले आठ दिवस बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) हात घालू नकोस, असं तू बजावलं होतंस. मी दुसऱ्याच रात्री घातला. तिथे ऑटो ओव्हरक्लॉकचं, म्हणजे प्रोसेसरला ठरल्यापेक्षा जास्त वेगाने आपोआप पळवण्याचं बटण होतं. दाबलं. मशीन दोनदा आपणहून रीस्टार्ट झालं आणि स्क्रीनवर ४.९ गिगाहर्ट्झ झळकले. सगळ्या कोअरवर! मूळ प्रोसेसर एकदोन कोअरवरच काम असेल तर ४.९ ला जातो. आठही कोअर जुंपले की ४.६ वर येतो. फुकटात ३०० मेगाहर्ट्झ मिळाले म्हणून मी खूश.

ब्राउझर वगैरे सुरळीत. पण व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की पहिलं मिनिटभर सुसाट, मग रडतखडत. त्यात दोनदा निळी स्क्रीन आली. मी थेट रॅमवर संशय घेतला, कारण रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी प्रोफाइलही त्याच रात्री चालू केलं होतं. २१३३ ची रॅम ३२०० वर पळतेय, म्हणजे तीच गुन्हेगार! रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक नाही. तरी काड्या काढून दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमधून पहिल्या-तिसऱ्यात घातल्या, परत होत्या तिथे आणल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडायला मला तीन दिवस लागले, याची लाज वाटते. एक्स्पोर्ट चालू असताना तापमान ९९ अंश, वारंवारता ४.२ आणि शेजारी थर्मल थ्रॉटलिंगपुढे 'होय'. म्हणजे प्रोसेसर स्वतःला भाजून घेऊ नये म्हणून पाय मागे घेत होता, आणि माझं ओव्हरक्लॉक केलेलं मशीन ओव्हरक्लॉक न केलेल्यापेक्षा हळू चाललं होतं! आधी वाटलं कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक तसंच राहिलं असेल. (हसू नकोस, कूलर उतरवून बघितलं. नव्हतं.) पेस्ट नव्याने लावली, दोन अंश उतरले.

मग व्हीकोअरकडे, म्हणजे प्रोसेसरच्या कोअरना मिळणाऱ्या व्होल्टेजकडे लक्ष गेलं. भर लोडवर १.४० व्होल्ट. इथे माझी ट्यूब पेटली. त्या बटणाला माझी चिप ठाऊकच नसते. एकाच मॉडेलच्या दोन चिपांनाही एका वेगासाठी वेगवेगळं व्होल्टेज लागतं; मग सगळ्यात हट्टी चिपही चालावी अशा बेताने बोर्ड सढळ हाताने व्होल्टेज ओततो. वर लोडलाइन कॅलिब्रेशनही त्याने चढवून ठेवलं होतं, त्यामुळे एरवी लोड आल्यावर व्होल्टेज जे थोडं घसरतं, तेही घसरत नव्हतं. उष्णता वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. सगळं गणित त्या वर्गातच बिघडतं. आणि चिप जितकी तापते तितकं तोच वेग टिकवायला तिला जास्त व्होल्टेज लागतं. निळ्या स्क्रीनचं मूळ बहुतेक यातच.

मग सीएमओएस क्लिअर केलं, म्हणजे बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर आणल्या, आणि हाताने सुरुवात केली. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झला हात लावला नाही, मल्टिप्लायर ४७ (दोन्हींचा गुणाकार म्हणजे वेग, ४.७ गिगाहर्ट्झ), व्होल्टेज १.३० वर पक्कं. तिथून व्होल्टेज एकेक पायरी खाली. दर पायरीला अर्धा तास प्राइम९५ ही प्रोसेसरला पूर्ण जुंपणारी चाचणी आणि नंतर खरा एक्स्पोर्ट, कारण नुसत्या चाचणीवर माझा आता विश्वास नाही. १.२० ला मशीन बंद पडलं नाही, निळी स्क्रीनही नाही. पण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या यंत्रणेच्या) १९ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती. चूक होतेय, प्रोसेसर ती जागच्या जागी दुरुस्त करतोय. वरून सगळं आलबेल! ही नोंद बघायची सवय लावून घे, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. (म्हणजे तूच.) १.२३ ला नोंदी थांबल्या, मी थोडा वाव ठेवून १.२५ वर थांबलो.

आता तोच एक्स्पोर्ट: तापमान ८१, वेग शेवटपर्यंत ४.७, वेळ १२ मिनिटं ५० सेकंद. त्या ४.९ च्या दिमाखात १४ मिनिटं १० सेकंद लागत होती. १.४० वरून १.२५ आणि ४.९ वरून ४.७, गुणाकार करून बघ, उष्णता जवळपास चौथाईने कमी होते. एक्सएमपी परत चालू आहे, रॅमची मनातल्या मनात माफी मागितली.

तुझ्या बोर्डावरही तसलं बटण आहे आणि तू ते दाबलेलं आहेस, हे मला पक्कं माहीत आहे. भर लोडवरचा व्हीकोअरचा आकडा आजच बघ आणि कळव. १.३५ च्या वर असेल तर रविवारी फोनवर बसू, बायोसचे फोटो काढून ठेव.

तुझाच,
नंदू

ता. क. रॅमच्या काड्या काढता-घालता एका स्लॉटची खिट्टी तुटली. काडी पक्की बसते, पण दिसतं भिकार.